मैना येण्याआधी

माझ्या आईला आजही वाटतं की मी केळ्यांच्या शीतगृहांसाठी चिपा बनवतो. त्यात तिची चूक नाही, मीच तिला तसं सांगितलंय. बालेवाडीला आमच्या कंपनीची जी इमारत आहे, तिच्या चौथ्या मजल्यावर 'शीतगृह नियंत्रण विभाग' अशी पाटी आहे. त्या पाटीमागे बसून आम्ही तीसेक माणसं जगभर विकला जाणारा गेमिंग कन्सोल बनवतो. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायची खेळाची पेटी. ती बाजारात येईपर्यंत आत काय आहे हे कुणाला कळता कामा नये, म्हणून दारावर जमेल तितकी कंटाळवाणी पाटी लावायची ही कंपनीची जुनी पद्धत. ताप होतो तो मला. आमचं गाव सावदा, म्हणजे आख्खं गाव केळ्यांवर जगणारं. सुट्टीला गेलो की मामा, काका, शेजारी सगळे मला केळी पिकवायच्या खोलीचं तापमान विचारतात, आणि मी येताना गाडीत वाचलेलं मोठ्या अधिकारानं सांगतो.

बायकोलाही मी केळीच सांगितली होती. ऋजुता कुठल्याशा छोट्या संस्थेसाठी घरून काम करायची. 'बाजारात पुढे काय येणार याची पाहणी' इतकंच मला ठाऊक होतं. मिक्सर, खेळणी असलं काहीतरी असेल असं मी धरून चाललो होतो. दोघांनीही गोपनीयतेच्या करारावर सह्या केलेल्या, म्हणून लग्नानंतर लगेच आम्ही घरात एक नियम केला. ऑफिस उंबऱ्याच्या बाहेर. चहा कसा झालाय, गीझर कोण दुरुस्त करणार, यावर हवं तितकं भांडा, पण कामाचा शब्द काढायचा नाही. तो नियम आम्ही इतका कसोशीनं पाळला की मला आमच्या संसाराचा अभिमान वाटायचा. आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

आमच्या विभागात दर गुरुवारी चहाच्या वेळी एक कार्यक्रम असतो. कन्सोल येणार अशी नुसती कुणकुण लागली की जगभरची रिकामटेकडी आणि हुशार माणसं त्यात काय असेल याचे अंदाज बांधायला लागतात. कुणी बंदरात उतरलेल्या मालावरून, कुणी पेटंटांवरून, कुणी आमच्या नोकरीच्या जाहिराती वाचून. आमचे साहेब शैलेश धामणकर ते अंदाज मोठ्यानं वाचून दाखवतात आणि आम्ही हसतो. नियम असा, की अंदाज बरोबर असो की साफ चुकलेला, सगळ्यांनी सारखंच हसायचं. कारण चहावाल्यापासून दिव्याच्या खांबापर्यंत सगळ्याला कान असतात, असं धामणकरांचं मत. बहुतेक अंदाज इतके बाष्कळ असतात की वेगळं हसायची गरज पडत नाही.

नव्या पेटीचं आमच्यातलं नाव मैना. आधीची भारद्वाज होती. पुण्याच्या टीमनं पेटीला पक्ष्याचं नाव द्यायचं हा आमचा रिवाज.

त्या गुरुवारी धामणकरांनी एक नवा अंदाज उघडला आणि नेहमीच्या नाटकी आवाजात सुरुवात केली. "मेमरी दोन जातींची असेल. छत्तीस गिगाबाइट वेगवान, आणि तिच्या शेजारी सहा गिगाबाइट स्वस्त, हळू चालणारी. पेटीची स्वतःची घरकामं हळूवर टाकायची, म्हणजे वेगवान सगळी खेळाला मोकळी."

आम्ही हसलो. थोडं उशिरा हसलो. ते अगदी तसंच होतं, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट माझी होती. मैनेच्या आतल्या मांडणीची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि ही दोन जातींची कल्पना पटवायला मला सगळा उन्हाळा लागला होता.

"पंखा एकच, मोठा, मुद्दाम सावकाश फिरणारा," धामणकर वाचत होते. आवाजातलं नाटक आता गेलं होतं. "वीजपुरवठा पेटीच्या बाहेर, वेगळ्या ठोकळ्यात. बिघडला तर तेवढाच बदलता यावा म्हणून." कुणी हसेना. चहावर साय धरली होती. असं एकामागून एक सगळं जुळत गेलं, आणि मग शेवटची ओळ आली. "बोर्डावर मेमरीसाठी एक जागा रिकामी सोडलेली असेल. पुढे कुणाला वाढवावीशी वाटली तर. कारण: हा माणूस कुठलीच पेटी काठोकाठ भरत नाही."

सगळे एकदम हसले, आणि सुटल्यासारखे हसले. कारण मैनेत अशी रिकामी जागा नव्हती. एक तरी गोष्ट चुकली म्हणून माणसांच्या जिवात जीव आला होता.

मला हसता आलं नाही. ती रिकामी जागा मला आठवड्यापूर्वी आंघोळ करताना सुचली होती. मी ती कागदावर काढली नव्हती, कुणाला सांगितली नव्हती, सोमवारच्या बैठकीत मांडावी की नाही हेसुद्धा ठरलं नव्हतं. ती फक्त माझ्या डोक्यात होती.  मी कप तसाच खाली ठेवला.

धामणकरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पराग, केबिनमध्ये ये."

दार लागल्यावर ते म्हणाले, "सगळे हसले, तू हसला नाहीस."

मी खरं ते सांगितलं. मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही, केळ्यांबद्दल मी वर्षानुवर्षं बोलतोय. पण त्या वेळी डोकंच चालत नव्हतं.

"म्हणजे ही गोष्ट फक्त तुला माहीत होती," धामणकर सावकाश म्हणाले. "आणि ती छापून आली."

"हो."

"मग ती बाहेर कुणी नेली, पराग?"

 मीच नेली असेल तर कशी, हे मलाच कळत नव्हतं. झोपेत बडबडलो असेन का, इथपर्यंत माझी मजल गेली.

अर्ध्या तासात सुरक्षा विभागाच्या ग्लोरिया लोबो आल्या. बाई मूळच्या वसईच्या, बोलणं मऊ, पण त्या मजल्यावर आल्या की लोक खुर्चीत सरळ होऊन बसतात. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "मिस्टर बऱ्हाटे, फुटलेली माहिती तुमच्याकडून गेली असं ठरलं, तर नोकरी जाईल हे तुम्हाला कळतंच. या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. शिवाय ज्यांनी ती छापली त्यांच्यावर खटला होईल." मग त्यांनी टॅबलेट माझ्यापुढे सरकवला. अंदाजाच्या खाली विश्लेषकाचं नाव होतं. ऋजुता सबनीस. "ओळखता?"

ते नाव मी लग्नपत्रिकेत वाचलं होतं.

"माझी बायको," मी म्हणालो. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"माहीत आहे. त्यांना आम्ही बोलावून घेतलंय. बाहेर बसल्यात."

मी दार उघडलं. 'शीतगृह नियंत्रण विभाग' या पाटीखालच्या बाकावर ऋजुता बसली होती. गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला, मांडीवर लॅपटॉप. मला बघून ती उठली. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तू इथे?" ती म्हणाली. "आणि केळी?"

त्या क्षणी आम्ही दोघं एकमेकांकडे जसं बघत होतो, तसं लग्न ठरवायला बघायच्या कार्यक्रमातसुद्धा बघितलं नव्हतं.

*

लोबोंच्या खोलीत चौघं बसलो. ऋजुताचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण कामाचं बोलायला लागल्यावर तिचा आवाज स्थिर झाला. तिला कामाबद्दल बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"पेटीत काय असेल हे ओळखायला सगळे पेटीच्या मागे लागतात," ती म्हणाली. "पण पेटीचं पुष्कळसं आधीच ठरलेलं असतं. किंमत अमुकच्या वर न्यायची नाही, उष्णता तमुकच्या वर नाही, पेटी टीव्हीखाली मावली पाहिजे. या सगळ्यातून वाट काढता काढता गल्ली अरुंद होत जाते. तरी शेवटी काहीशे जागा अशा उरतात, की जिथे दोन्ही पर्याय सारखेच चांगले असतात. तिथे गणित थांबतं आणि माणसाचा स्वभाव ठरवतो. मी स्वभावाचा अभ्यास करते."

"स्वभाव मोजायचा कसा?" लोबो म्हणाल्या.

"घरातून. हल्ली प्रत्येक घरात सोबती असतो ना, सामान मागवणारा, दिवे-पंखे बघणारा. त्याच्याकडे माणसाच्या लहान लहान निवडींच्या नोंदी असतात. पाहुणे चार असतील तर हा माणूस भात किती लावायला सांगतो. रिक्षा किती आधी बोलावतो. फ्रिज घेताना काय सोडतो आणि काय धरून ठेवतो. मी बऱ्याच घरांच्या नोंदी परवानगीनं घेतल्या, आणि मला असं दिसलं की माणूस लहान गोष्टीत जी तडजोड करतो तीच मोठ्या गोष्टीत करतो. प्रवासाच्या बॅगेत जागा सोडणारा माणूस यंत्रातही जागा सोडतो. असा कल एकदा सापडला की त्याला कुठलाही प्रश्न घालता येतो. त्या प्रोग्रॅमला मी अदमास म्हणते. तो उत्तरही देतो आणि कारणही."

"आणि या पेटीचा माणूस तुम्हाला कसा सापडला?"

ऋजुतानं माझ्याकडे बघितलं नाही. "आधीची पेटी बाजारात आहे, ती कुणीही उघडून बघू शकतं. तिच्यातल्या निवडी मी माझ्याकडच्या सगळ्या नमुन्यांशी ताडून बघितल्या. सतरावा नमुना तंतोतंत जुळला. तो आमच्या घरचा होता." ती थांबली. "मला हसू आलं होतं. वाटलं, जगात कुठेतरी अगदी आमच्या परागसारखा एक माणूस बसलाय. त्याच्या बायकोची दया आली. मग मी तो नमुना घेऊन पुढची पेटी काढली."

"माझी परवानगी कधी घेतलीस?" मी विचारलं.

"तू मॅच बघत होतास. 'घे की' म्हणालास."

हे मात्र मी म्हणालो असेन. मॅच बघताना मी काहीही देऊन टाकतो.

लोबोंनी बोटं गुंफून हात टेबलावर ठेवले. "बाई, तुम्ही चांगलं सांगता. पण नवऱ्याला वाचवायला कुठलीही बायको काहीही सांगेल."

"मग तपासून बघा," ऋजुता म्हणाली. "धामणकरसाहेबांनी त्याला नवे प्रश्न घालावेत, जे त्यानं कधी ऐकलेले नाहीत. तो एका खोलीत, मी आणि अदमास दुसऱ्या खोलीत. आधी अदमास उत्तर देईल, मग हा. जुळलं नाही तर आम्ही दोषी."

धामणकरांना ती कल्पना आवडली. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला तेव्हाच खटकायला हवी होती.

*

मी लोबोंबरोबर त्याच खोलीत राहिलो. ऋजुता आणि धामणकर पलीकडच्या खोलीत गेले. मधे काचेची भिंत, पण पडदे ओढलेले. लोबो प्रश्न वाचायच्या, पलीकडून अदमासचं उत्तर त्यांच्या टॅबलेटवर आलं की मला खूण करायच्या, मग मी बोलायचं.

काम सोपं होतं. मी नेहमीसारखं वागायचं, बस्स. तसं वागलो की नोकरी वाचणार आणि ऋजुतावरचा खटला टळणार. पण नेहमीसारखं वागायला बसल्यावर नेहमी आपण कसे वागतो तेच आठवेना.

"हाताच्या रिमोटमधली बॅटरी," लोबो म्हणाल्या. "एक मोठी, न निघणारी. किंवा दोन लहान, बदलता येणाऱ्या. खर्च सारखाच."

"दोन लहान."

त्यांनी टॅबलेटकडे बघून नुसती मान हलवली. पुढचा प्रश्न तारेच्या लांबीचा होता, त्याच्या पुढचा झाकणाच्या स्क्रूंचा. मी उत्तरं देत गेलो. मला टॅबलेट दिसत नव्हता, पण लोबोंचा चेहरा दिसत होता. आधी त्या सभ्यपणे ऐकत होत्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. गरम हवा कुठून बाहेर काढायची, या प्रश्नाला मी नेहमीचं सोडून तिसराच मार्ग काढला. दोन्ही पर्याय नकोत, पेटीच्या पायालाच जाळी करा म्हणालो. लोबो टॅबलेटकडे बघत राहिल्या, आणि त्यानंतर त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. एखाद्या आजारी माणसाशी बोलताना लोक जसे भिंतीकडे बघतात, तशा त्या पडद्याकडे बघून प्रश्न विचारू लागल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं का आनंद व्हायला हवा होता? मी सुटत होतो.  पण ती जाळी मला त्याच मिनिटाला सुचली होती. सुचल्याचा आनंदही झाला होता. आणि भिंतीपलीकडे ती आधीच लिहिलेली होती.

माझा एक दुर्गुण इथे सांगितला पाहिजे. आम्ही हॉटेलात गेलो आणि ऋजुता म्हणाली की तू आता थालीपीठ मागवणार, की मी हटकून दुसरं काहीतरी मागवतो. मला थालीपीठच खायचं असतं. तरी मी डोसा मागवतो आणि तो तोंड वाकडं करून खातो. माझ्याबद्दल कुणी आधीच सांगितलेलं मला चालत नाही.

"शेवटचा," लोबो म्हणाल्या. "पुढच्या पेटीत वीजपुरवठा आत घालायचा की बाहेर ठेवायचा?"

बाहेर. आयुष्यभर मी बाहेर म्हणत आलोय. घरी ट्यूबलाइटचा चोकसुद्धा मी हाताला येईल असा बाहेर बसवून घेतलाय. लोबोंनी खूण केली. मी तोंड उघडलं आणि अंगातून काहीतरी तिडीक उठली. एक उत्तर चुकलं म्हणून काय बिघडणार होतं? बाकीची जुळली होती.

"आत," मी म्हणालो. "आतच घाला."

लोबो टॅबलेटकडे बघत बसल्या. मग त्यांनी तो माझ्याकडे फिरवला.

आत. कारण: आता तो चिडलेला असेल.

 मी ते परत वाचलं. लोबोंनी माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरला. आणि तो स्वतःच पिऊन टाकला.

*

"तुम्ही निर्दोष आहात," लोबोंनी सगळ्यांसमोर सांगितलं. "तुम्ही काही नेलं नाहीत. बाईंनी काही चोरलं नाही. माझ्या नोकरीत मी असं कधी लिहिलेलं नाही, पण तसं लिहून देते." आणि त्या गेल्या, जवळजवळ पळाल्याच.

मला ऋजुताजवळ जाऊन बसायचं होतं. पण धामणकर मधे उभे होते, आणि त्यांच्या हातात कागद होते. छपाईयंत्रातून नुकतेच निघालेले, अजून कोमट.

"तू तिकडे उत्तरं देत होतास तेव्हा मी अदमासला एक जादा प्रश्न घातला," ते म्हणाले. "बाईंनी नको म्हटलं होतं. पण बघ तर."

मैनेच्या पुढची पेटी होती ती. जिचा विचार मी चार वर्षांनी सुरू करणार होतो. मेमरी, मांडणी, सगळं.

मी वाचत गेलो. खोटं कशाला सांगू, आवडलं मला. वाचता वाचता माझी मान हलत होती. भारद्वाजपासून एक प्रश्न मला छळतोय, पंखाच नसलेली पेटी बनवायची कशी. किती वेळा हात टेकलेत मी त्याच्यापुढे. तो प्रश्न तिथे तिसऱ्या पानावर सुटलेला होता. पेटीचं अंगच उष्णता वाहून नेईल, आणि त्यासाठी आतल्या चिपा उभ्या लावायच्या. किती सोपं. माझ्या तोंडून "अरे वा" निघालं. कुणाचं डोकं हे, असं मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की माझंच.

एका सकाळी, आंघोळ करताना किंवा सिग्नलला थांबलेलं असताना, हे मला सुचणार होतं. मी ओला तसाच बाहेर येऊन कागद शोधणार होतो. ती सकाळ आता येणार नव्हती. ती माझ्या हातात होती, तीन पानी, कोमट. मला रडायला येईल असं वाटलं, आणि धामणकरांसमोर मला रडायचं नव्हतं.

"किती वर्षांच्या बैठका वाचल्या बघ," धामणकर म्हणत होते. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच आनंद झाला होता. "वरच्यांशी बोललो मी. नमुना तुझा आहे आणि प्रोग्रॅम बाईंचा, म्हणून दोघांची संमती लागेल. तू सही कर, पगार तुला निवृत्तीपर्यंत चालू राहील. यायचीसुद्धा गरज नाही तुला."

"यायची गरज नाही म्हणजे?"

"म्हणजे तू इथे असणारच की," ते ऋजुताच्या लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले.

त्यांनी सोमवारपर्यंत विचार करायला सांगितलं. ते कागद त्यांनी आपल्या कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. ऋजुतानं लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला आणि बिल्ला परत द्यायला खाली गेली. तिला यायला बराच वेळ लागला.

*

आम्ही बाणेरच्या नेहमीच्या हॉटेलात गेलो, कारण घरी जायला दोघांनाही धीर होत नव्हता. घरी सोबती होता. आम्ही आत शिरताच तो दिवे लावणार, माझ्या आवडीइतकेच मंद.

 इतकी वर्षं कामाबद्दल बोलायचं नाही म्हणून बोललो नव्हतो, आणि आता बोलायची मुभा होती तर शब्द सापडत नव्हता.

"मी पुसलं ते," ऋजुता म्हणाली.

"काय?"

"सतरावा नमुना. त्याच्यावरून अदमास जे जे शिकला होता ते सगळं. त्या एकाच नमुन्यावर बाकीचं बसवलेलं होतं, त्यामुळे अदमासच संपला म्हण. खाली गेले होते ना मी बिल्ला द्यायला, तेव्हा. धामणकरांकडे ते कागद आहेत तेवढे आहेत. पण यापुढे कुणाला काही विचारता येणार नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. बहुतेक वाटलंही असेल. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अगं, सहा वर्षांचं काम तुझं," मी म्हणालो. "असं कुणी पुसतं? एक प्रत तरी बाजूला ठेवायची होतीस."

तिनं हातातला ग्लास खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी भरून आलं होतं.

"पुसायच्या आधी मी त्याला एकच प्रश्न विचारला," ती म्हणाली. "मी पुसलं असं सांगितल्यावर तू काय म्हणशील."

 मला ऐकायचंच नव्हतं.

"एक प्रत बाजूला ठेवायची होतीस, असं म्हणेल. आणि कारणही दिलं होतं." तिनं पदराला हात घातला, मग आज कुर्ता घातलाय हे आठवून टेबलावरचा कागदी रुमाल घेतला. "कारण: त्याला स्वतःपेक्षा तिच्या कामाची काळजी जास्त असेल." तिनं डोळे पुसले. "हे मला यंत्राकडून कळलं, पराग. माझ्या कामाबद्दल तू कधी एक शब्द विचारला नाहीस. मला वाटायचं, याला काही पडलेलं नाही."

"आपला नियम होता ना," मी म्हणालो.

"हो. नियम होता."

"आणि तरी पुसलंस? मी ठेव म्हणणार हे माहीत असून?"

"म्हणूनच पुसलं. ठेवलं असतं तर मी रोज विचारत बसले असते. तू रागावलायस का, तू थांबशील का. आणि ते रोज सांगत बसलं असतं." तिनं नाक ओढलं. "आता मला काहीच माहीत नाही. तू सोमवारी काय करशील, तेही नाही."

सोमवारी मी सही करणार नव्हतो, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं मलाही नव्हतं. चार वर्षांनी त्या कपाटातली पेटी मी बनवेन, की ती वाचली आहे म्हणून मुद्दाम दुसरीच बनवेन, की ती वाचल्यामुळे तिसरंच काही सुचेल, हे आता विचारायचं तरी कुणाला? कागदावर जो माणूस होता त्यानं तो कागद वाचलेला नव्हता. मी वाचला होता. तेवढा फरक आमच्या दोघांत पडला होता, आणि तो धरून बसण्याखेरीज माझ्याकडे काही नव्हतं.

वेटर आला. ऋजुतानं स्वतःसाठी कॉफी सांगितली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तू अमुक घेणार, असं ती म्हणाली नाही. मेनूकार्ड तिनं उलटं करून ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली, मी काय मागवतो ते दिसूसुद्धा नये अशी. वेटर एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत उभा होता.

मला डोसा सांगता आला असता. इडली सांगता आली असती. मी कार्ड न उघडताच म्हणालो, "एक थालीपीठ. लोणी जास्त."

ऋजुता दचकली.